नाखमनसोन यांचे विकर आणि नाखमनसोन यांचा सिद्धान्त

डेव्हिड नाखमनसोन हे नाव आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. ओटो लोवी आढळतात, हेन्री डेल आढळतात, हॉजकिन आणि हक्सली तर हमखास. तरीही ॲसिटिलकोलीन तोडणारे विकर आणि ॲसिटिलकोलीन ओळखणारा ग्राही, या दोन्ही रेणूंच्या अभ्यासाची वाट या माणसाच्या प्रयोगशाळेतून गेली आहे. नाव गळण्याचे कारण उघड आहे. त्यांचा मुख्य सिद्धान्त चुकीचा ठरला, आणि बाकीचे सगळे शास्त्रज्ञ पुढे निघून गेल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. अशा माणसाच्या कामाचा हिशेब कसा मांडायचा, हा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्यांनी टाळू नये असे मला वाटते, कारण यशस्वी सिद्धान्तांच्या यादीतून विद्यार्थ्याला पुराव्याची पारख शिकता येत नाही.

नाखमनसोन यांचा जन्म १८९९ चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातला. बालपण आणि वैद्यकाचे शिक्षण बर्लिनमध्ये. तिथेच ओटो मायरहोफ यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्नायूंच्या रसायनशास्त्राचे धडे घेतले. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा कोणता रेणू खर्ची पडतो आणि तो किती वेगाने भरून निघतो, हे मोजायची शिस्त त्या घराण्याची. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू असल्यामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली. पॅरिस, मग १९३९ मध्ये अमेरिकेतील येल आणि १९४२ पासून न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास झाला.

पॅरिसमध्ये त्यांनी हाती घेतलेला प्रश्न त्या काळी ऐरणीवर होता. चेतातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोचतो तो विजेने की रसायनाने? १९२१ मध्ये लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने रसायनाच्या बाजूने कौल दिला होता, आणि ते रसायन ॲसिटिलकोलीन असल्याचे नंतर सिद्ध झाले. पण आक्षेप असा होता की, संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो. इतक्या थोड्या वेळात रसायन सुटणार, काम करणार आणि नाहीसेही होणार, हे शक्य आहे का? नाखमनसोन यांनी वाद न घालता मोजमाप केले. ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर स्नायूत सगळीकडे सारखे पसरलेले नसून चेतातंतू जिथे स्नायूला टेकतो त्या जागी एकवटलेले असते, आणि तिथले प्रमाण या वेगाला पुरेसे आहे, असे त्यांनी दाखवले.

१९३७ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात त्यांना जिवंत टॉर्पेडो मासे पाहायला मिळाले. हा मासा विजेचा झटका देऊन भक्ष्य बधिर करतो. त्याचे विद्युत-इंद्रिय मुळात स्नायूंपासून उत्क्रांत झालेले असते. त्यात आकुंचन पावणारे तंतू उरलेले नाहीत, उरल्या आहेत त्या एकावर एक रचलेल्या चपट्या पेशी, आणि प्रत्येकीच्या एका बाजूवर चेतातंतूंच्या टोकांची दाटी. जणू स्नायूतला बाकीचा भाग गाळून निसर्गाने फक्त संपर्कस्थाने गोळा करून ठेवली आहेत. जीवरसायनज्ञाला याहून चांगला कच्चा माल कुठला? आर्काशों येथील सागरी केंद्रातून मासे आणून त्यांनी विकर मोजले, आणि आकडे चकित करणारे आले. बहुतांशी पाणीच असलेला हा अवयव तासाभरात स्वतःच्या वजनाहून अधिक ॲसिटिलकोलीन तोडू शकतो. पुढची सुमारे ऐंशी वर्षे हा मासा आणि त्याच्यासारखाच दक्षिण अमेरिकेतला वीज-ईल जगभरच्या प्रयोगशाळांत राहिला, त्याचे मोठे श्रेय नाखमनसोन यांच्या या निवडीला आहे. संशोधनात प्रश्नाइतकीच प्राण्याची निवडही महत्त्वाची असते, हे सांगायला वर्गात याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

१९४३ मध्ये त्यांनी आणखी एक मोठे काम केले. ॲसिटिलकोलीन तयार करणारे विकर त्यांनी पेशीविरहित अर्कात दाखवले आणि या घडणीसाठी एटीपीची ऊर्जा लागते हेही दाखवले. इथपर्यंत त्यांचे काम निर्विवाद आहे.

अडचण सुरू होते ती याच्या पुढच्या पायरीवर. विकर संपर्कस्थानी भरपूर होते, पण ते अक्षतंतूच्या लांबीभरही थोड्या प्रमाणात सापडले. ज्या संवेदी चेता ॲसिटिलकोलीन वापरतच नाहीत, त्यांच्यातही सापडले. यावरून नाखमनसोन यांनी निष्कर्ष काढला की, ॲसिटिलकोलीन एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा निरोप्या नव्हेच. ते अक्षतंतूच्या पटलातच जागोजागी सुटते, तिथल्या ग्राही प्रथिनाला चिकटते, प्रथिनाचा आकार बदलतो, आयनांना वाट मिळते, आणि विकर लगेच ॲसिटिलकोलीन तोडून वाट बंद करते. संदेशाचे वहन म्हणजे याच घटनेची साखळी. संपर्कस्थानी वेगळे असे काही घडत नाही.

हा विचार वेडगळ होता असे समजू नये. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी म्हाकुळाच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून सोडियम व पोटॅशियम आयनांच्या प्रवाहांची समीकरणे मांडली. ती इतकी अचूक होती की अजूनही वापरात आहेत. पण आयनांना वाट देणारी ती वस्तू कोणती, यावर समीकरणे गप्प होती. नाखमनसोन यांचा आग्रह असा की, पटलात असे झटपट उघडझाप करणारे काही असेल तर ते प्रथिनच असले पाहिजे, आणि ते रसायनशास्त्राच्या रीतीने वेगळे काढता आले पाहिजे. या मुद्द्यावर ते बरोबर होते. विद्युतमापन करणाऱ्या अनेकांना त्या काळी हा प्रश्न निकडीचा वाटत नव्हता.

मग ते चुकले कुठे? पहिली चूक तर्काची. एखादी वस्तू एखाद्या जागी सापडली एवढ्यावरून तिचे तिथले काम सिद्ध होत नाही. विकर अक्षतंतूत असण्याला दुसरी कारणे असू शकतात. पेशीच्या मध्यभागी तयार झालेले प्रथिन टोकाकडे जाताना वाटेत सापडणारच.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. ती विरोधी पुराव्याला दिलेल्या उत्तरांची आहे. क्युरारे हे विष ग्राहीला अडवते आणि स्नायू लुळा पाडते, पण अक्षतंतूतील वहन त्याने थांबत नाही. नाखमनसोन म्हणाले, अक्षतंतूभोवतीच्या आवरणामुळे क्युरारे आत पोचत नाही. बाहेरून दिलेल्या ॲसिटिलकोलीननेही काही होत नाही. उत्तर तेच, आवरण. विकर जवळजवळ पूर्ण निकामी केले तरी वहन चालू राहते, असे इतरांनी दाखवले. उत्तर आले की, उरलेले थोडेसे विकर पुरेसे आहे. मग त्यांच्या प्रयोगशाळेने म्हाकुळाच्या अक्षतंतूवर सापाच्या विषाची प्रक्रिया केली आणि त्यानंतर क्युरारे व ॲसिटिलकोलीन वहन थांबवतात असे दाखवले. पण सापाचे विष पटलातील मेद तोडते. पटलच दुबळे केल्यावर एखादे रसायन वहन बंद पाडते, यातून त्या रसायनाचे नेहमीचे काम कसे कळणार? यातले प्रत्येक उत्तर सुटे पाहिले तर शक्य कोटीतले आहे. सगळी एकत्र ठेवली की लक्षात येते, सिद्धान्ताला खोटे ठरवू शकेल असा प्रयोगच शिल्लक राहिलेला नाही.

१९६१ मध्ये बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी अक्षतंतूतला जीवद्रव पिळून काढला, आत पोटॅशियम क्षाराचे द्रावण भरले, आणि तरीही वहन झाले. १९६४ मध्ये नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की फुगा माशातील टेट्रोडोटॉक्सिन सोडियमचा प्रवाह तेवढा अडवते. हे विष ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीला हात लावत नाही. म्हणजे आयनांची वाट एकच नाही, दोन निराळ्या आहेत. एके काळचे सहकारी आणि कोलंबियातच काम करणारे हॅरी ग्रुंडफेस्ट यांनीही संपर्कस्थानाचे पटल आणि अक्षतंतूचे पटल भिन्न जातीचे असल्याचे ठासून मांडले. टॉर्पेडोच्या पेशी तर विजेच्या चेतावणीला दादच देत नाहीत, त्यांना ॲसिटिलकोलीनच लागते. नाखमनसोन यांचा लाडका मासाच त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होता.

ग्राहीची गोष्टही अशीच उपरोधिक आहे. फ्रान्सचे झाँ-प्येर शांझ्यो यांनी १९६० च्या दशकात काही काळ नाखमनसोन यांच्याकडे काम केले. पुढे १९७० मध्ये त्यांनी तैवानच्या पट्टेरी मण्यारीचे (आपल्या मण्यारीची ही भावकी) विष वापरून वीज-ईलच्या अवयवातला ग्राही ओळखला. ते विष ग्राहीला इतके घट्ट चिकटते की त्याला धरून ग्राही ओढून काढता येतो. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी हाच ग्राही सशांना टोचला, आणि ससे लुळे पडले. माणसातील मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूदौर्बल्याच्या विकाराचा उलगडा त्यातून झाला. शेवटी क्योतोच्या शोसाकु नूमा यांच्या गटाने १९८२ मध्ये टॉर्पेडोच्या ग्राहीतील पहिल्या घटकाची जनुकीय ओळख पटवली आणि १९८४ मध्ये वीज-ईलच्या सोडियम वाहिनीची. दोन्ही प्रथिनेच निघाली, दोन्ही वीजमाशांतूनच मिळाली, आणि दोन्ही एकमेकांपासून साफ वेगळी होती. नाखमनसोन १९८३ मध्ये वारले होते.

मला त्यांच्या खात्यावर सर्वात मोठी जमा दिसते ती दुसरीकडेच. त्यांच्या प्रयोगशाळेतील अर्विन विल्सन यांनी विकराच्या कामाच्या जागेचे दोन भाग कल्पिले. एक ॲसिटिलकोलीनचे धनभारित टोक धरणारा आणि दुसरा बंध तोडणारा. (१९९१ मध्ये टॉर्पेडोच्या विकराची त्रिमितीय रचना मिळाली तेव्हा पहिला भाग विल्सन समजत होते तसा ऋणभारांनी भरलेला नव्हता. टोक धरण्याचे काम मुख्यतः वलयाकार अमिनो आम्ले करतात.) या कच्च्या नकाशावरून त्यांनी विषावर उतारा रचला. शेतकरी ज्याला नुसते 'औषध' म्हणतो, त्यातली फॉस्फरसयुक्त सेंद्रिय कीटकनाशके विकराच्या तोडणाऱ्या भागाला चिकटून बसतात. ॲसिटिलकोलीन साचत जाते. तोंडाला फेस येतो, बाहुल्या आकुंचतात, श्वासाचे स्नायू थकतात. विल्सन यांचा रेणू एका टोकाने विकर धरतो आणि दुसऱ्याने फॉस्फरस उपटून काढतो. १९५५ चे हे काम, ब्रिटनमध्येही त्याच वर्षी स्वतंत्रपणे झालेले. प्रॅलिडॉक्सिम या नावाचे हे औषध आपल्याकडील डॉक्टर 'पाम' म्हणून ओळखतात.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारलेली रसायने अनेक प्रकारची होती, त्यांत या गटातलीही होती. म्हणून पाम खरोखर किती उपयोगी, हा प्रश्न आपल्या दारातला आहे. २००६ मध्ये बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. थांबून थांबून दिलेल्या इंजेक्शनांपेक्षा सलग मोठ्या मात्रेत शिरेतून दिलेले पाम चांगले ठरले. २००९ मध्ये श्रीलंकेतील चाचणीत मात्र पाम दिलेले आणि न दिलेले यांची तुलना केली, तेव्हा जीव वाचण्याच्या दृष्टीने फायदा दिसला नाही. विशेष म्हणजे, काही रुग्णांच्या रक्तातील विकर औषधाने स्पष्टपणे पुन्हा कामाला लागलेले असूनही.

यामागच्या रसायनशास्त्राचा एक भाग आपल्याला ठाऊक आहे. विकराला चिकटलेले विष काही काळाने असे बदलते की मग पाम ते उपटू शकत नाही. विषाच्या रेणूत दोन मिथिल गट असतील तर सुमारे ४ तासांत निम्मे विकर या अवस्थेला जाते, दोन इथिल गट असतील तर सुमारे ३३ तासांत. मोनोक्रोटोफॉस पहिल्या जातीचे, क्लोरपायरिफॉस दुसऱ्या. खेड्यातून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचायला किती तास लागतात हे आपण जाणतोच. रुग्णाबरोबर औषधाचा डबाही न्यावा असे डॉक्टर सांगतात, ते याचसाठी.