‘माझी मैना’, ‘हुतात्मा’ आणि १९५७ ची निवडणूक : कर्तृलोपाचा एक विचार

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीतील संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचारभाषेची चिकित्सा बहुधा आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ पत्रापाशी थांबते. शाहिरी वाङ्मयाकडे कोणी वळलेच, तर अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीचा उत्तरार्ध म्हणजे मूळच्या शृंगाराला लावलेले प्रचाराचे ठिगळ होय, असा शेरा मारणे सोपे असते. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील श्रोता डोळ्यांपुढे आणला म्हणजे हा शेरा टिकत नाही.

मुंबईचे पुष्कळसे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव व जुन्नर या भागांतले. पुरुष मुंबईत, बायकामुले गावी, ही येथील अनेक घरांची नित्याची व्यवस्था. शिवाय जुन्नर तालुक्यातले नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे माहेर. छक्कडीची चाल येथे कोणाला शिकवावी लागत नाही. रचनेतील विरही नायक व बेळगाव-कारवारवाचून खंडित झालेला महाराष्ट्र यांचे साधर्म्य अन्यत्र अलंकार ठरेल. येथे त्यातले उपमान रोजच्या अनुभवाचे आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांच्या गोळ्यांनी १५ माणसे मेली आणि जानेवारी १९५६ मध्ये त्याहून कितीतरी अधिक. अशा घरात ही वार्ता प्रथम राजकीय वार्ता म्हणून येणेच शक्य नव्हते. आपला माणूस त्या दिवशी कोणत्या रस्त्याने गेला असेल, हा तिचा पहिला अर्थ.

व्याकरणाचा विचार येथे उपयोगी पडतो. मैना गावी ‘राहिली’. तिला कोणी ‘ठेवली’ असे कवी म्हणत नाही. क्रियापद अकर्मक आहे, कर्ता नामनिराळा आहे. पण पोट हा तो कर्ता होय, हे श्रोत्याला ठाऊक असते. ‘गोळीबार झाला’ या वाक्यातही कर्ता नाही. तेथे मात्र त्याला जाणूनबुजून झाकलेले असते, कारण गोळी झाडणारा व झाडण्याचा हुकूम देणारा दोघेही त्या ‘झाला’मागे सुखाने उभे राहू शकतात. समितीच्या व्यासपीठाने याला दिलेले उत्तर म्हणजे ‘हुतात्मा’. ‘हु’ या धातूपासून झालेले ‘हुत’ हे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे; ज्याने आत्म्याची आहुती दिली तो हुतात्मा, असा त्याचा रूढ अर्थ. या एका समासाने मारणारा पुन्हा वाक्याबाहेर गेला व मरणारा कर्ता झाला. जो कामावरून परतताना वा खिडकीत उभा असताना मेला, त्याच्याही पदरी स्वेच्छेचे दान आले. शब्द गौरवाचा खरा, पण सरकारी वाक्यापेक्षा तो अधिक सत्य सांगतो असे म्हणवत नाही. (लोकांनी १०५ हा आकडा या शब्दाला असा जोडला की दोन्ही मिळून जणू एकच नाम झाले.)

‘माझी मैना’चा उत्तरार्ध ही उणीव भरून काढू पाहतो. प्रचलित पाठात मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची गत रावणासारखी झाली, असे शाहीर सांगतो. कर्ता सापडला; परंतु ‘राहिली’मधल्या अनामिक कर्त्याचे जे बळ होते ते येथे ओसरले. रावण नावाचा एक पुरुष पडला की लंका पडते, हा हिशेब कथेचा आहे. पुण्यात समितीच्या बळावर ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगिळांचा पराभव केला, हे खरे. पण त्याच निवडणुकीत स. का. पाटील दक्षिण मुंबईतून आणि मोरारजी सुरतेतून लोकसभेवर गेले, आणि विदर्भ, मराठवाडा व गुजरात यांच्या मतांवर द्विभाषिक मुंबई राज्यात काँग्रेसची सत्ता १९५७ नंतरही टिकली. ठिगळ म्हणायचेच असेल तर ते या रावणाच्या दृष्टान्ताला म्हणावे. त्याच्यानंतर बेळगाव, कारवार, डांग ही नावे ज्या सुरात येतात तो सूर अजून मैनेचाच आहे.