'अल्पशा आजाराने' : मृत्यूच्या नोंदीचे एक वाचन

मराठी वर्तमानपत्रांच्या निधनवार्तेत एक शब्दप्रयोग रूढ होऊन बसला आहे : 'अल्पशा आजाराने निधन'. आजार कोणता, हे त्यात नसते आणि ते सांगणे हे त्या मजकुराचे कामही नाही. शोकात असलेल्या घराने घेतलेला तो आडोसा आहे. पण हाच 'अल्पसा आजार' सरकारी दप्तरात शिरला तर काय होते? कोविडनंतर रोगसर्वेक्षण सुधारण्याची चर्चा पुष्कळ झाली. तिच्यात पोर्टल येते, प्रयोगशाळा येतात, विषाणूचा जनुकीय आराखडा वाचणारी यंत्रे येतात. या साऱ्याच्या मुळाशी असलेला एक साधा कागद मात्र मजकूर म्हणून वाचून पाहण्यासारखा आहे.

तो कागद म्हणजे मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ. त्याची रचना उलट सांगितलेल्या कथेसारखी आहे. वरच्या ओळीत शेवटची घटना, तिच्या खाली त्या घटनेचे कारण आणि तळाशी मूळ आजार. वर 'श्वसनक्रिया निकामी', खाली 'न्यूमोनिया', तळाला 'कोविड' अशी ती साखळी. साथ ओळखायची तर तळाची ओळच कामाची. प्रत्यक्षात पुष्कळ प्रमाणपत्रांवर वरच्या ओळीत 'हृदयक्रिया बंद पडणे' एवढेच असते. हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचे बंद पडते. ते मरणाचे कारण नव्हे, मरणाचेच दुसरे नाव. वैद्यकाच्या भाषेतला तो 'अल्पसा आजार'च.

ही भाषेची चूक आकड्यांत उतरते. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. बाकीच्यांच्या बाबतीत चुकीची ओळही नाही, कागदच नाही. नोंदलेले एकूण मृत्यू २०२०मध्ये सुमारे ८१ लाख होते, २०२१मध्ये ते १ कोटी २ लाखांवर गेले. या वाढीत सुधारलेल्या नोंदणीचा वाटा असेल, पण एका वर्षातली एवढी उडी तेवढ्याने उलगडत नाही. त्या दोन वर्षांतले कोविडचे अधिकृत मृत्यू पाच लाखांच्या आत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये सुमारे ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज मांडला. भारत सरकारने त्याची पद्धतच अमान्य केली. पद्धतीवरचे आक्षेप तपासण्याजोगे आहेत. पण कागद भरलेले असते तर अंदाजाची गरजच कितीशी उरली असती? आणि २०२१च्या नोंदणीचा अहवाल प्रसिद्ध व्हायला मे २०२५ उजाडले. इतक्या उशिरा आलेल्या आकड्याला इतिहास म्हणावे, सर्वेक्षण नव्हे.

तळाच्या ओळीची किंमत घरांनीही मोजली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडमृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. त्यासाठी मृत्यू कोविडचा असल्याचे सिद्ध करायचे होते. चाचणी किंवा रुग्णालयातल्या निदानानंतर ३० दिवसांतला मृत्यू धरावा, अशी सवलत द्यावी लागली, ती कागदावरच्या शब्दांवर विसंबता येत नव्हते म्हणूनच. चाचणीही नाही आणि असे निदानही नाही, तर या सवलतीचाही आधार नव्हता.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे अधिक वेग. २००४पासूनच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात आरोग्यसेवक, डॉक्टर आणि प्रयोगशाळा आपापले तक्ते आठवड्याला पाठवत. एप्रिल २०२१मध्ये नवे पोर्टल आले आणि माहिती रोजच्या रोज वर जाऊ लागली. हे चांगलेच झाले. पण मोघम शब्द लवकर पोहोचला म्हणून नेमका होत नाही.

दुसरा उपाय सक्तीचा. त्याचा धडा पुण्याने १८९७मध्येच घेतला आहे. प्लेगचे रोगी शोधायला सोल्जर घरात शिरू लागले, तेव्हा लोक रोगी लपवू लागले. 'सर्व्हेलन्स'साठी आपण 'सर्वेक्षण' हा सोज्वळ शब्द घेतला खरा, पण दारात उभ्या माणसाला त्यातली 'पाळत' आधी दिसते. त्याच वर्षीचा साथरोग कायदा मार्च २०२०मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, तेव्हा ही आठवणही सोबत काढायला हवी होती.

नोंद कशी मागावी, याचे उत्तम उदाहरण पोलिओ मोहिमेत आहे. तिथे 'पोलिओ आहे का?' असे विचारले जात नव्हते. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर कळवा, एवढेच. निदान प्रयोगशाळा करील. प्रश्न इतका सोपा असल्यामुळे खासगी डॉक्टर आणि वैदूसुद्धा त्या जाळ्यात आले. जानेवारी २०११नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही, यावर विश्वास बसू शकला तो या नोंदींमुळे.

महाराष्ट्रातही 'कोवळी पानगळ' या २००१च्या अहवालाने बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे दाखवले, तेही गावोगाव घरात जाऊन, मोजून. माहिती घरात होती, दप्तरात नव्हती.

घरातल्या मृत्यूचे कारण नातेवाइकांना विचारून ठरवण्याची पद्धत देशाच्या नमुना नोंदणीत वापरली गेलेली आहे. ती आपल्या रीतीला परकी नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला घरचे माणूस सारे क्रमाने सांगते : ताप कधी आला, दम कधी लागला, कोणत्या दवाखान्यात नेले, काय म्हणाले. वरची, मधली, खालची अशा प्रमाणपत्राच्या सगळ्या ओळी त्या बोलण्यात असतात. ग्रामसेवकाच्या नोंदवहीपर्यंत त्यांतले पोहोचते ते फक्त नाव आणि तारीख.

तेव्हा सुधारणा इथून सुरू व्हावी. आशा कार्यकर्तीला हे ऐकून टिपण्याचे प्रशिक्षण आणि त्याचे वेगळे मानधन मिळावे. तरुण डॉक्टरला तळाची ओळ लिहायला शिकवावे आणि ती कोरी दिसली तर कागद परत यावा. त्या नोंदींतून तालुक्यात काय दिसले, हे दर महिन्याला त्याच आशाला आणि त्याच डॉक्टरला कळावे. आपण लिहिलेले कोणी वाचते, हे कळल्याशिवाय कोणी नीट लिहीत नाही. वर्तमानपत्रातला 'अल्पसा आजार' तसाच राहू द्यावा. नोंदवहीत मात्र त्याला नाव हवे.