गस्तीची रोजनिशी आणि तिचा वाचक

कोणत्याही लेखनाचें परीक्षण करतांना दोन प्रश्न टाळतां येत नाहींत : तें कोणी लिहिलें, आणि तें कोण वाचणार. काव्यास व कादंबरीस हे प्रश्न आपण नित्य विचारतों. परंतु नोकरी करणाऱ्या माणसाच्या हालचालींची जी रोजनिशी हल्लीं यंत्रें लिहीत असतात, तिला ते क्वचितच कोणी विचारतो. तिचा एक नमुना चंद्रपूरच्या जंगलांतून घेऊं.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण व डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनीं २०१० सालीं ‘एम-स्ट्राइप्स’ ही पद्धति सुरू केली. ताडोबा-अंधारी प्रकल्पांतही ती वापरतात. वनरक्षक गस्तीस निघाला कीं त्याच्या हातांतील मोबाईल उपग्रहाच्या साह्यानें त्याची वाट रेखूं लागतो. वाघाचे ठसे, विष्ठा, तोडलेलें झाड, शिकाऱ्याचा फास, जें आढळेल तें छायाचित्रासह व स्थळवेळेसह जमा होतें. कोणत्या नियतक्षेत्रांत पाऊल पडलें नाहीं हें अधिकाऱ्यास नकाशावर दिसतें. ह्या पद्धतीचा गुण आम्ही नाकारीत नाहीं. घरीं बसून वहींत गस्त लिहिणें तिनें अवघड केलें, आणि फास वेळेवर सांपडला तर वाघ वांचतो.

तथापि रोजनिशी या नात्यानें हें लेखन अपुरें आहे. कै. मारुती चितमपल्ली हेही वनाधिकारीच होते. रानांत हिंडतांना त्यांनीं जें टिपलें त्यांतून ग्रंथ झाले. कारण आपण कोठें गेलों याबरोबरच काय उमगलें हेंही त्यांनीं टिपलें होतें. मोबाईलची रेषा केवळ चाल मोजते. २० नोव्हेंबर २०२१ रोजीं ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रांत वन्यप्राण्यांच्या खुणांची पाहणी करण्यास पायीं गेलेल्या एका वनरक्षक भगिनीस माया नांवाच्या वाघिणीनें ठार केलें. वाघीण वाटेवर दिसतांच ती व तिचे सोबती कांहीं वेळ थांबले होते, आणि मग वळसा घालून निघाले होते. रेषेच्या लेखीं असें थांबणें हा खंड. रानाच्या लेखीं तें शहाणपण. ज्या नोंदींत शहाणपण व आळस सारखेच दिसतात, ती माणसाच्या कामाची एकमेव साक्ष मानूं नये.

दुसरा दोष याहून छुपा आहे. वाघाचा पत्ता जेथें लिहिला जातो, तेथें तो वाघाच्या शत्रूसही वाचतां येणें शक्य असतें. मध्यप्रदेशांतील ‘पन्ना-२११’ ह्या वाघाच्या गळपट्ट्याची माहिती ज्या शास्त्रज्ञाकडे ई-मेलनें येत असे, त्याची टपालपेटी २०१३ सालीं पुण्याहून उघडूं पाहिल्याचें आढळलें. तो प्रयत्न यंत्रणेनेंच रोखला. पुढें २०१८ च्या जानेवारींत तर चोरीचीही गरज उरली नाहीं. ‘स्ट्राव्हा’ ह्या व्यायामाच्या ॲपनें प्रसिद्ध केलेल्या नकाशावर परदेशांतील लष्करी तळ उजळून दिसले, कारण सैनिक यंत्र चालू ठेवून धांवले होते. गस्तीचेंही तसेंच आहे. ती कोठें व केव्हां असते हें ज्या नोंदींत आहे, ती कोठें व केव्हां नसते हेंही त्याच नोंदींतून वाचतां येतें.

मग देखरेख नकोच काय ? शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गांवाकडे पाहावें. २००९ सालीं त्यास सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तेथेंही राखण आहे व हिशेब आहे. परंतु राखण करणारा तोच ग्रामसभेंत बसून हिशेब वाचतो, आणि पटलें नाहीं तर बोलतो.

मोबाईलच्या रोजनिशीसही हीच कसोटी लावावी. वनरक्षकास आपली रेषा पाहतां यावी, तुटलेल्या जागीं कारण लिहितां यावें, ती किती दिवस ठेवली जाते व कोणाच्या हातीं जाते हें त्यास कळावें. वाचकांनींही हा प्रश्न रानापुरता समजूं नये. कचेरींतील हजेरीचें यंत्र आणि मुलाच्या मनगटावरील घड्याळ हींही रोजनिशी लिहीत असतात. ती कोण वाचतो, हें विकत घेण्यापूर्वीं विचारावें.