वरच्या मजल्यावरची शोधिका

रहस्यकथा ही सभ्य माणसाने चोरून वाचावयाची वस्तू आहे, असा समज आपल्याकडे फार काळ होता. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड उशीखाली दडवून वाचणारी मुले यथाकाल आजोबा झाली, पण नातवंडांसमोर तो अपराध कबूल करताना त्यांची जीभ अजून अडखळे! त्या वाचनाने आम्हांस एक सवय लावली. शोध घेणारा म्हटला की तो तरुण, चपळ आणि पिस्तूलधारी असावयाचा. म्हणूनच पन्नाशी उलटलेली, अविवाहित, नोकरीतून निवृत्त झालेली एक बाई खुनाचा छडा लावते, हे वाचताना प्रथम थोडे हसू येते. पुढे ते मावळते.

ही बाई म्हणजे ग्लोरिया लामेरिनो. कमिल मिनिकिनो या अमेरिकन लेखिकेने तिला १९९७ साली 'द हायड्रोजन मर्डर' या कादंबरीत जन्म दिला. पुढे हेलियम, लिथियम, बेरिलियम अशी मूलद्रव्यांच्या अनुक्रमाने पुस्तके निघत गेली, आणि २००६ मध्ये ऑक्सिजनची पाळी आली. लेखिका स्वतः भौतिकशास्त्राची पंडिता. लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत तिने काम केलेले. बॉस्टनच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले रिव्हिअर हे तिचे जन्मगाव, आणि इटलीहून आलेल्या कुटुंबांची तेथे मोठी वस्ती. ग्लोरियाही तेथलीच. लग्न ठरलेला वर मोटारीच्या अपघातात गेला, तेव्हा ती गाव सोडून कॅलिफोर्नियास गेली आणि तीस वर्षांनी परतली. इंदूर-बडोद्याकडे आयुष्य काढून कोकणातल्या मूळ घरी परतणाऱ्या माणसाला गाव कसे दिसते, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांना ग्लोरियाची नजर निराळी समजावून सांगावी लागणार नाही. गल्ल्या ओळखीच्या, पण दारांवरची नावे बदललेली. गावातील माणसे तिला आपली म्हणून बोलतात; आणि ती मधल्या काळात तेथे नव्हती म्हणून जे इतरांस सांगणार नाहीत तेही सांगून जातात. तिच्या शोधकौशल्याचे निम्मे रहस्य येथे आहे.

उरलेले निम्मे तिच्या बिऱ्हाडात आहे. बालमैत्रीण रोझ आणि तिचा पती फ्रँक गालिगानी यांचा व्यवसाय अंत्यसंस्काराचा. खाली मृतदेह दर्शनासाठी ठेवण्याची दालने, आणि वरच्या मजल्यावर ग्लोरियाची खोली. ज्या समाजात मृताला घरातून शक्य तितक्या लवकर हलवितात त्या आम्हां वाचकांस ही व्यवस्था विलक्षण वाटते. परंतु या इटालियन कुटुंबांत मृताचे दर्शन घ्यावयास सारा शेजार जमतो, जुन्या ओळखी निघतात, जुनी भांडणेही निघतात. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलने १९३० सालच्या पहिल्याच कादंबरीत खेड्यातल्या पाद्र्याच्या शेजारी बसून माणसे पारखली. मिनिकिनोबाईंनी आपल्या नायिकेला थेट प्रेतघराच्या माडीवर बसविले. सुखावह रहस्यकथेच्या चौकटीत यापेक्षा नेमकी जागा आम्हांस तरी सुचत नाही.

विज्ञानाबद्दल तितके कौतुक करता येत नाही. हेलियमच्या कादंबरीत काँग्रेसची एक सदस्या मारली जाते आणि त्यामागे सरकारी हेलियमसाठ्याच्या विक्रीचा वाद उभा राहतो. हा वाद काल्पनिक नव्हे. तो साठा विकून टाकण्याचा कायदा अमेरिकेत १९९६ साली खरोखरच झाला. येथे विषय आणि कथा यांचा सांधा जुळतो. पण एकंदर मालिका पाहता मूलद्रव्य हे पुष्कळदा नुसते दाराचे तोरण ठरते. खून घडतो तो लोभाने, मत्सराने, भीतीने. आणि या तिघांना कोणत्याही कोष्टकात अणुक्रमांक नाही. ग्लोरिया प्रेमाने शिकवू लागली की वर्गात बसल्यासारखे वाटते. शिक्षिका चांगली आहे, हे खरे. पण मधल्या सुट्टीची घंटा ऐकण्यासाठी कान टवकारतात हेही खरे.

मालिकेचा जीव कोठे आहे ते २००२ सालच्या 'द बोरिक ॲसिड मर्डर'मध्ये कळते. रिव्हिअरच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका तरुणीचा खून होतो आणि संशय येतो तो रोझच्या जॉन या मुलावर. आजवर ग्लोरियाने पोलिसांना मदत केली ती थोडी बुद्धीच्या करमणुकीसाठी, थोडी निवृत्तीचे रिकामपण भरून काढण्यासाठी. आता ज्या घराच्या वरच्या मजल्यावर आपण राहतो त्या घरावरच कुऱ्हाड आली. ती या घराची रक्ताची कोणी नव्हे. आपल्या घरांतून अशी एखादी आत्या वा मावशी असे, जिचे नाते नेमके कोणाकडून हे मुलांना कधी कळत नसे. सुखाच्या दिवसांत तिची आठवण कोणाला होत नसे आणि संकटात साऱ्यांच्या आधी तिलाच हाक जाई. ग्लोरियाचे तसेच होते. मैत्रिणीचा मुलगा निर्दोष आहे असे तिला मनाने वाटते, आणि पुराव्याशिवाय काही मानू नये असे तिची सारी हयात तिला सांगते. या दोहोंमधली तिची ओढाताण खुनी कोण या प्रश्नापेक्षा आम्हांस अधिक खिळवून ठेवते.

मॅट जेनारो या पोलीस अधिकाऱ्याशी तिचे जे उतारवयातील सख्य जमते, तेही लेखिकेने संयमाने रंगविले आहे. तो विधुर, ही न झालेल्या लग्नाची. दोघांनाही घाई नाही. मात्र त्याच्या सौजन्यामुळे सरकारी तपासाची दारे तिला इतक्या सहज उघडतात की तेथे विश्वास ताणावा लागतो. बाकी, पोलीसही इटालियन, शोध घेणारीही इटालियन आणि तिरडीची व्यवस्था पाहणारेही इटालियन, यात एक गोड सूड आहे. मारिओ पुझोच्या 'गॉडफादर'ने १९६९ पासून या समाजाच्या कपाळी गुन्हेगारीचा जो टिळा लावला, तो पुसावयाला मिनिकिनोबाईंनी व्याख्यान दिले नाही; स्वयंपाकघर, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांत वावरणारी माणसे तेवढी दाखविली.

एक तक्रार मात्र उरते. ज्या घरात शोक हाच व्यवसाय, तेथेही मारल्या गेलेल्या माणसाचा शोक फार काळ टिकत नाही. या कथांना सुतक नाही. प्रेत सापडले की दुसऱ्या प्रकरणात तर्क सुरू होतो, आणि जी गेली तिची आई काय करीत असेल हे विचारावयास कोणी थांबत नाही. या प्रकारच्या बहुतेक सर्व कथांत हा दोष असतो, आणि इतर लेखकांकडे आम्ही त्याची मागणीही केली नसती. पण येथे नायिकेला रात्री बाहेरून घरी यावयाचे तर खालच्या त्या दालनांवरूनच जिना चढावा लागतो. तेथे एखादे वेळी ती क्षणभर बसती, तर आम्हीही पान उलटण्याची घाई केली नसती.