लॉरीच्या आठवणी आणि चालकाचा शब्द

जुन्या ब्रिटिश लॉऱ्यांविषयीच्या हौशी स्मरणलेखनाचा साचा ठरलेला आहे: आधी कारखाना, मग नमुना, मग साल. लँकशायरमधील लेलँड गावाचे नाव १९०७ मध्ये धारण करणारी कंपनी, तिची ‘कॉमेट’, १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सने घेतलेले ‘अशोक लेलँड’ हे नाव, १९९३ मध्ये लेलँड डॅफचे निघालेले दिवाळे हा सारा तपशील मोलाचा खरा. तथापि या लेखनात कारखाना कर्ता, लॉरी कर्म आणि चालक अध्याहृत असतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात ही उणीव विशेष जाणवते. आलापल्लीचे सागवान बल्लारपूरच्या आगारापर्यंत वाहून नेणाऱ्यांची साक्ष ग्रंथांत क्वचितच आढळेल. ती शोधावी लागते बोलीत. ‘स्टेपनी’ हा शब्द पाहावा. वेल्समधील लानेली येथे १९०४ मध्ये निघालेल्या जादा चाकाचे, तेथील स्टेपनी रस्त्यावरून पडलेले हे व्यापारी नाव. ब्रिटनमध्ये ते व्यवहारातून लोपले. मराठीत सामान्यनाम होऊन आजही रुळलेले आहे. तसेच ‘क्लीनर’चा ‘किन्नर’ झाला आणि पुसणारा हा अर्थ मागे पडून चालकाचा सोबती हा अर्थ पुढे आला.

तेव्हा अशा लेखनाचे मूल्यमापन केवळ सनावळीच्या अचूकतेवर करणे अपुरे होय. ज्यांनी गाडी हाकली त्यांच्या शब्दांना त्यात स्थान आहे काय, हेही पाहिले पाहिजे. वृद्ध चालकांच्या तोंडचे शब्द वेळीच टिपले नाहीत, तर कारखान्यांचा इतिहास उरेल. वाहतुकीचा उरणार नाही.