गाण्यातली ट्राम

‘सीआयडी’ हा चित्रपट 1956 चा. त्यातलं मुंबईवरचं गाणं मजरूह सुलतानपुरींचं, चाल ओ. पी. नय्यर यांची, आवाज मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांचे. पहिल्याच कडव्यात ट्राम येते आणि लगेच जातेही. इमारत, मोटार, गिरणी यांच्या रांगेत तिला उभं केलंय; ना विशेषण, ना क्रियापद. खरी गंमत या बेफिकिरीत आहे. ट्राम बंद पडल्यावर तिच्यावर जे लिहिलं गेलं त्यात हळहळच फार. मजरूहना तिचं काडीचं कौतुक नाही. ती रोज समोरून जात होती ना!

यादी संपते गिरणीवर, आणि ‘मिल’ला यमक जुळतं ते ‘दिल’चं: या शहरात सगळं मिळतं, तेवढं काळीज मिळत नाही. पडद्यावर जॉनी वॉकर हे रफीच्या आवाजात ऐकवतो घोडागाडीत बसून, हवा खात. (9 मे 1874 ला ट्राम सुरू झाली तेव्हा तीही घोडेच ओढत, विजेवर ती धावली 7 मे 1907 पासून.)

ट्राम आणि गिरणी एका दमात उच्चारणं मला नुसतं यमकापुरतं वाटत नाही. बोरीबंदरची ट्राम भायखळा, लालबाग, परळ करत गिरण्यांच्या चिमण्यांखालून दादरला पोचायची. रूळ रस्त्याच्या मधोमध. उतरायचं तर वाहनांच्या गर्दीतच. 1926 मध्ये बस आली आणि ट्रामचा संथपणा लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागला. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही तिची शेवटची फेरी झाली. काही रूळ डांबराखालीच राहिले; फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत ते वर आले. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्याही त्याच वाटेला लागल्या. मजरूहची निम्मी यादी अशी निकालात निघाली. खोदादाद सर्कलला येणारे मात्र अजून दादर टी.टी.चं, म्हणजे ट्राम टर्मिनसचंच तिकीट मागतात.

शेवटच्या कडव्यात गीता दत्त सगळी तक्रार उलटवते: करावं तसं भरावं लागतं, जगणं इथं सोपंच आहे. हा पालट जरा घाईतच उरकलाय. रफीनं एवढी रंगवलेली तक्रार दोन ओळींत मिटत नाही. पण उत्तर देताना तिनं यादीतलं काहीच खोडलेलं नाही. भांडण आहे ते फक्त काळजावरून.