पंगत आणि रांग

पाळी म्हणजे काय, हे आमच्या भागात शाळेत जाण्याआधीच कळते. नीरा डावा कालवा बारामतीवरून इंदापूरकडे जातो. पाणी पाळीने सुटते, कागदावर प्रत्येकाची पाळी लिहिलेली असते. तरी टेलच्या शेतकऱ्याचे रान कोरडे राहते, ही इंदापूरची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नियम असणे ही एक गोष्ट आणि तो शेवटच्या माणसापर्यंत पोचणे ही दुसरी.

शास्त्रीय संगीताच्या मैफलीविषयी लिहिताना मी कालव्यापासून आरंभ करतो, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मला गायकीविषयी काही म्हणायचे नाही, मंडपाच्या दाराविषयी म्हणायचे आहे. आधी आत कोण जातो, कोण कुठे बसतो, कोणाला उभे राहावे लागते आणि हे ठरवतो कोण? राग, घराणे, बंदिश यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. दाराविषयी क्वचितच लिहिले जाते. ज्याला दारात कोणी कधी अडवलेले नाही, त्याला दार दिसत नाही, हे त्याचे साधे कारण आहे.

१

आपल्या समाजाने माणसांना ओळीने बसवण्याची एक पद्धत शेकडो वर्षे चालवली. तिचे नाव पंगत. पंगतीत कोणी कुठे बसायचे हे जन्माने ठरत असे. आधी आलेला आधी बसत नसे. आधी जन्मलेल्या जातीचा आधी बसे. ज्यांना पंगतच नव्हती, त्यांनी उष्ट्याची वाट पाहायची. पंगतीचेच दुसरे रूप म्हणजे मान : पालखीचा मान, पोळ्याचा मान, होळीचा मान. या सगळ्या मानांच्या मुळाशी एकच विचार आहे. तुझी जागा तू येण्यापूर्वीच ठरलेली आहे.

रांग ही याच्या उलट जातीची वस्तू. रांग विचारते ते एवढेच, की तू केव्हा आलास? तिकिटाच्या खिडकीपाशी, एसटीच्या थांब्यावर, रेशनच्या दुकानापुढे पुढच्याच्या पाठीमागे उभे राहायचे असते, मग तो कोणीही असो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गावचे पाटील आणि गावकुसाबाहेरचे लोक एकाच हजेरीपटावर आले. पाण्याच्या माठाची शिवाशिव तिथेही पुरती सुटली नव्हती, तरी पगाराची रांग एकच होती. म्हणून रांगेकडे तुच्छतेने पाहणे आपल्याला परवडणारे नाही. एक शिस्त म्हणून ती आपल्या बाजूची आहे.

पण आपल्या माणसाला रांग ठाऊक आहे ती गरजेची : धान्याची, रॉकेलची, दाखल्याची. आवडीची रांग, म्हणजे आनंदासाठी स्वतःच्या खुशीने उभे राहण्याची रांग, त्याच्या वाट्याला फार थोडी आली. उभे राहणे हीच मुळी त्याच्या आठवणीत अपमानाची गोष्ट आहे. वाड्याच्या उंबऱ्यापाशी उन्हात उभे राहून जोहार घालणाऱ्याचा नातू पैसे मोजून उभ्याने गाणे ऐकायला सहजासहजी तयार होणार नाही. मैफलीतल्या शिष्टाचाराची चर्चा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

२

ऐकणे हासुद्धा इथे कधी काळी गुन्हा होता. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. चोखोबांचा अभंग महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. चोखोबांची जागा मात्र पंढरपुरात महाद्वारापाशी, पायरीखाली राहिली. तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरवरून दरवर्षी पंढरीला जाते. तिच्याबरोबर टाळ वाजवत गेलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला विठ्ठलाच्या गाभाऱ्यापर्यंत जाणारी रांग १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, खुली झाली. तोवर त्याची वारी दारापाशी संपत असे.

संगीताच्या बाबतीत ही विसंगती अधिकच ठळक आहे. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या परिसरात पिकतो आणि मिरजेचे मुस्लिम कारागीर त्याचा तंबोरा घडवतात. सनई वाजवण्याचे काम गावोगाव मांग आणि होलार समाजाकडे. लग्न त्याच्या सुरांवाचून लागत नसे, पण वाजंत्र्याने बसायचे मांडवाबाहेर आणि जेवायचे सगळ्यांच्या मागून. सूर आत आणि वाजवणारा बाहेर, अशी ही वाटणी होती.

गंगूबाई हनगल यांची एक आठवण या संदर्भात विसरता येत नाही. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये अकरा वर्षांच्या गंगूबाईंनी गांधीजींपुढे स्वागतगीत गायिले. गाण्यानंतर जेवणाच्या वेळी आपल्याला काय वागणूक मिळेल, याची धास्ती त्या मुलीच्या मनात होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. व्यासपीठावर स्वागत आणि पंगतीत धास्ती! याच गंगूबाई पुढे सवाई गंधर्वांच्या शिष्या म्हणून देशभर गाजल्या.

३

त्या सवाई गंधर्वांच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांच्या, स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू केला. महाराष्ट्रातल्या संगीतरसिकांचा तो सर्वांत मोठा मेळा झाला. उघड्या मैदानावर मंडप, डिसेंबरची थंडी आणि रात्रभर गाणे. सर्वांत स्वस्त तिकीट भारतीय बैठकीचे. खुर्चीला त्याहून जास्त आणि सोफ्याला त्याहूनही जास्त दाम. आपल्याकडे उभ्याच्या तिकिटाच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे ही बैठक.

या रात्रभराच्या गाण्याचा एक गुण रसिकांच्या आठवणीलेखनात फारसा सापडत नाही. तो गुण एसटीचा आहे. बारामती पुण्याहून शंभरेक किलोमीटर. आम्ही विद्यार्थी संध्याकाळी स्वारगेटला उतरत असू, बैठकीवर घोंगडी अंथरून पहाटेपर्यंत ऐकत असू आणि सकाळच्या गाडीने परत येत असू. मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. ज्याचे पुण्यात नातेवाईक नाहीत आणि लॉजला पैसे नाहीत, अशा माणसाला रात्रभर चालणारी मैफल आपोआप आसरा देत होती. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद केला. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, सवलत देता येते. नियम रास्त आहे. आजारी माणसाला झोप हवी. पण त्याचा भार कोणावर पडला, हे पाहिले पाहिजे. मैफली दुपारी सुरू होऊ लागल्या. दुपारी मोकळा कोण असतो? साखर कारखान्यावरचा कामगार नाही, रोजावरची बाई नाही, तालुक्याच्या शाळेतला शिक्षकही नाही. दाराशी रांग सर्वांसाठी खुली आहे आणि त्या रांगेपर्यंत पोचण्याची आणखी एक लांब, न दिसणारी रांग आहे. तिच्यात आपण टेलला आहोत.

४

एक प्रसंग सांगतो. गावाचे आणि संस्थेचे नाव महत्त्वाचे नाही. असे कुठेही घडते. एका संगीतसभेला मी माझ्या एका विद्यार्थ्याला घेऊन गेलो होतो. त्याचा बाप हलगी वाजवतो, मुलाचा कान तयार आहे. आम्ही तासभर आधी रांगेत उभे राहिलो आणि आत गेलो, तर पुढची सतरंजी रिकामी. मात्र तिच्यावर हातहातभर अंतराने रुमाल, शाली, वर्तमानपत्रे पसरलेली. मुलगा बसला. "इथे आमची माणसं येणार आहेत," एका बाईंनी गोड आवाजात सांगितले. तो मागे सरकला. तिथेही रुमाल. तीनदा उठून शेवटी तो मागच्या बांबूला टेकून उभा राहिला आणि तसाच त्याने दोन तास ख्याल ऐकला. त्याला कोणी जात विचारली नाही. विचारण्याची गरजच नव्हती. बाहेर पडताना तो म्हणाला, "सर, आपल्याला माणसं यायची नव्हती ना, म्हणून."

सभागृहात रांगेचा नियम दारापाशी संपला आणि आत पंगत सुरू झाली, असा याचा अर्थ मी लावतो. एकाने जाऊन दहांची जागा धरायची, ही रीत कुठेही लिहिलेली नसते. ती घरात शिकावी लागते. दाद केव्हा द्यायची, समेवर मान कशी हलवायची, मध्येच उठायचे नाही, हेही तसेच. आलाप चालू असताना चपला वाजवत जाऊ नये, हा शिष्टाचार योग्यच आहे. ऐकणाऱ्याचा तो एकमेकांविषयीचा आदर आहे. पण शिष्टाचार आणि सोवळे यांतला फरक ओळखता आला पाहिजे. शिष्टाचार अनोळखी माणसाला समजावून सांगता येतो. सोवळे सांगत नाहीत. चुकलेल्याकडे नुसते पाहतात.

५

लंडनच्या 'प्रॉम्स'चे उदाहरण इथे उपयोगी पडेल. १८९५ साली रॉबर्ट न्यूमन आणि हेन्री वुड यांनी क्वीन्स हॉलमध्ये या मैफली सुरू केल्या. उभ्याचे तिकीट एक शिलिंग. १९४१ साली बॉम्बवर्षावात तो हॉल नष्ट झाला आणि मैफली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेल्या. तिथे आजही उभ्याची जागा सर्वांत स्वस्त आहे आणि तिचा मुख्य भाग वाद्यवृंदाच्या अगदी पुढे आहे. कमी पैसे देणारा सर्वांत जवळून ऐकतो, आणि पुढे कोण उभा राहील हे रांग ठरवते. आपल्याकडे 'पिटातला' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. तिथे पिटातल्या माणसाच्या कानाला मान आहे.

व्हिएन्नाच्या ऑपेराची जुनी रीत तर आपल्या रुमालाला उत्तरच देते. तिथेही उभ्याची जागा कठड्याला गळपट्टा बांधून धरत असत. पण आधी प्रत्येकाने स्वतः रांगेत उभे राहायचे आणि मग स्वतःपुरता एक गळपट्टा बांधायचा. रुमाल तोच, त्यामागचे तत्त्व वेगळे.

या देशांना मी आदर्श ठरवत नाही. प्रॉम्स सुरू झाले तेव्हा तेच लंडन अर्ध्या जगावर राज्य करत होते, आणि तिथल्या श्रोतृवर्गावरही वर्गाची छाप आहे. मुद्दा एवढाच, की मैफलीची जागा ही निसर्गाने ठरवून दिलेली वस्तू नाही. ती माणसे ठरवतात आणि बदलू शकतात.

६

आपल्यातले काही मित्र म्हणतील, आपल्याला हवे कशाला हे ख्याल-तराणे? आपला जलसा आहे, तमाशा आहे, भीमगीते आहेत. ती आहेतच, आणि त्यांच्यासाठी कोणाची परवानगी नको. पण ज्या वाद्यांत आपल्या हातांचे कष्ट आहेत, त्यांचा सूर दुसऱ्यांच्या नावे लिहून द्यावा, हे मला मान्य नाही. बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन हाती घेतले, ते कोणाची नक्कल करण्यासाठी नव्हे. चवदार तळ्याचे पाणी इतर पाण्याहून गोड होते म्हणून १९२७ साली लोक महाडला गेले नव्हते.

म्हणून तालुक्याच्या गावी मैफल भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे आपण तीन साध्या गोष्टी मागाव्यात. बसण्याचे नियम फळ्यावर लिहून दारात लावावेत, आणि पहिला नियम असा असावा की एका माणसाने एकच जागा धरावी. पुढच्या काही ओळी स्वस्त तिकिटाच्या आणि रांगेने भराव्यात. पाहुण्यांचे सोफे मागे न्यावेत. शेवटची एसटी किती वाजता आहे हे पाहून मैफलीची वेळ ठरवावी.

यात क्रांतिकारक काही नाही, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या पाठीशी घराणे, ओळखी आणि रीतिरिवाज नाहीत, त्यांच्या पाठीशी लिहिलेला नियमच उभा राहतो. संविधानाने आपल्याला तेवढे शिकवले आहे. तो मुलगा आजही गाणे ऐकायला जातो. पुढच्या वेळी तो बांबूला टेकून उभा राहिला, तर ते त्याने स्वतः ठरवलेले असावे.